आधी कागदावर चुकू द्या

समुद्रकाठच्या केळव्यात घरगुती निवास चालवणारे काका-काकू वेबसाइट करून घ्यायला बोईसरच्या एखाद्या डिझायनरकडे जातात, तेव्हा पहिला अर्धा तास बोलणं कशावर होतं? रंग निळा की हिरवा, वरती समुद्राचा फोटो की सुरूच्या बनाचा, नाव डावीकडे की मधोमध. चार दिवसांनी डिझायनर एक देखणं चित्र पाठवतो, काका ‘मस्त’ म्हणतात, आगाऊ रक्कम पोचते आणि काम सुरू होतं. महिन्याभरानं वेबसाइट चालू होते. लोक तिच्यावरचा फोन नंबर तेवढा उचलतात आणि पूर्वीसारखंच विचारतात, ‘शनिवारी खोली आहे का?’

वेबसाइट दिसायला चांगलीच असते. पण ती पूर्ण होईपर्यंत एकाही पाहुण्यानं ती वापरून पाहिलेली नसते. सगळ्यांनी पाहिलेलं असतं ते चित्र, आणि चित्राकडे बघून कुणीही मानच डोलावतो. कोडची एक ओळही लिहिण्याआधी वेबसाइटचं वापरता येईल असं तात्पुरतं रूप तयार करायचं, ते लोकांच्या हातात द्यायचं आणि ते कुठे अडतात ते बघायचं, या कामाला प्रोटोटाइपिंग म्हणतात. शिंपी कोट पक्का शिवण्याआधी कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघतो, त्यातलाच हा प्रकार.

या धंद्यात तीन शब्द सतत कानावर पडतात. वायरफ्रेम म्हणजे नुसता रेघांचा आराखडा : इथे फोटो, इथे तारीख, इथे बटण. मॉकअप म्हणजे रंग, अक्षरं, फोटो घातलेलं हुबेहूब चित्र. ते हलत नाही. प्रोटोटाइपमध्ये बोट ठेवलं की पुढचा पडदा येतो. तो कागदाचा असो की फोनवरचा, त्याला एखादा प्रश्न विचारता आला पाहिजे. ‘आजींना घेऊन येणाऱ्या माणसाला तळमजल्यावरची खोली सापडते का?’ असा प्रश्न असेल, तर कागद पुरतो. ‘उन्हात हे अक्षर वाचता येतं का?’ असा असेल, तर खरा फोन लागतो. प्रोटोटाइपवर किती मेहनत घ्यायची, हे प्रश्नावरून ठरतं.

उदाहरणासाठी केळव्याचं एक काल्पनिक निवास घेऊ. चार खोल्या, पुढे अंगण, मागे पानवेलींची वाडी, स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात.

सुरुवात वहीपासून

पहिली पायरी संगणकापाशी नाही, काकूंच्या बुकिंगच्या वहीपाशी आहे. त्या वहीत कोणते रकाने आहेत ते पाहावं : तारीख, नाव, माणसं किती, त्यात शाकाहारी किती, आगाऊ किती आले, कुणाच्या ओळखीनं आले. वर्षानुवर्षं झिजून तयार झालेले हे रकाने म्हणजे मालकाच्या बाजूनं वेबसाइटची अर्धी रचना आहे. त्यातला एखादा रकाना वेबसाइटवर राहून गेला, तर काकू पुन्हा फोन करून तीच माहिती विचारणार.

मग व्हॉट्सॲप उघडावं. गेल्या दोन महिन्यांत पाहुण्यांनी काय काय विचारलं ते वाचत जावं आणि एका कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे एकेक रेघ ओढावी. खोली आहे का, चौघांचे किती होतील, जेवणात काय, उकडहंडी मिळेल का, केळवे रोडला उतरून पुढे कसं यायचं, जिना आहे का. ज्या प्रश्नापुढे रेघा जास्त, तो वेबसाइटवर वर. समुद्राचा फोटो कितीही सुंदर असला, तरी ‘खोली आहे का’ हा प्रश्न त्याच्या खाली ढकलला गेला तर पहिलाच पडदा चुकला.

वेबसाइट कुठे बसून उघडली जाणार, तेही लिहून ठेवावं. विरारपर्यंतची लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत वाढली आणि सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर ही स्थानकं मुंबईच्या उपनगरी गाड्यांना जोडली गेली. केळव्याला येणारा पाहुणा बहुधा त्याच लोकलच्या गर्दीत उभा राहून, एक हात कडीला आणि एका हातात फोन, अशा अवस्थेत खोली शोधत असणार. डिझायनरच्या टेबलावरचा मोठा मॉनिटर त्याच्या कामाचा नाही. म्हणून आधी फोनचा पडदा आखावा आणि संगणकाचा मागून. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी आपोआप बदलण्याच्या पद्धतीला ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ असं नाव दिलं.

कागदाचा फोन

आता कोरे कागद, जाड मार्कर आणि कात्री घ्या. फोनच्या आकाराचे पत्ते कापा. मार्कर जाडच हवा. बारीक पेननं हात आपोआप नक्षीकडे वळतो आणि एका पत्त्यात मावणार नाही इतका मजकूर कोंबला जातो.

आपल्या निवासाला पाच-सहा पत्ते पुरतात : पहिला पडदा, तारीख निवडणं, खोल्यांची यादी, एका खोलीची माहिती, नाव-नंबराचा फॉर्म आणि शेवटी ‘खोली पक्की झाली’ हा निरोप. जे पडद्याच्या मधोमध उघडून वर येतं, उदाहरणार्थ तारखांचं कॅलेंडर, ते वेगळ्या चिटोऱ्यावर काढावं आणि वेळ आली की वर ठेवावं.

मजकूर मात्र खरा लिहायचा. ‘इथे माहिती येईल’ असं लिहून रेघा मारल्या की चाचणीला अर्थ उरत नाही, कारण माणूस अडतो तो शब्दांवरच. बटणावर ‘आरक्षण’ लिहायचं की ‘बुकिंग’, ‘तळमजला’ म्हणायचं की ‘खालची खोली’, दर माणशी की दर खोली, हे सगळं याच टप्प्यावर लिहून पाहावं. ‘वातानुकूलित कौटुंबिक कक्ष’ पत्त्यात बसत नाही हे मार्कर लगेच दाखवतो. काकू फोनवर त्याला ‘मोठी एसी खोली’ म्हणतात, तेच लिहावं.

कागदाचा प्रोटोटाइप पोरखेळ वाटतो, पण नावाजलेली यंत्रंही अशाच वाटेनं गेली आहेत. १९९० च्या दशकात पाम पायलट हे खिशातलं यंत्र तयार होण्याआधी जेफ हॉकिन्स त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडत. बैठकीची वेळ ठरली की ठोकळा काढायचा, लेखणी म्हणून काडी धरायची आणि नोंद केल्याचं सोंग करायचं. यंत्र किती मोठं चालेल आणि त्यात काय काय हवं, हे त्यांना त्या ठोकळ्यानं शिकवलं.

बोट कुठे थांबतं

कागदी चाचणीला तीन माणसं लागतात. एक वापरणारा. दुसरा ‘संगणक’ : वापरणाऱ्यानं ज्यावर बोट ठेवलं त्याप्रमाणे तो पुढचा पत्ता समोर मांडतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. तिसरा बाजूला बसून टिपणं घेतो. वापरणारा म्हणून डिझायनरचा मित्र किंवा काकूंचा भाचा चालणार नाही. केळव्याला सहलीला येऊ शकेल असा, हे निवास न पाहिलेला माणूस हवा.

त्याला काम द्यायचं, सूचना नाही. ‘तारखेवर दाबा, मग खोली निवडा’ असं सांगितलं की परीक्षा तिथेच संपली. काम असं द्यावं : ‘पुढच्या शनिवारी तुम्ही चौघं केळव्याला जाताय. बरोबर आईपण आहेत, त्यांना जिना चढवत नाही. या फोनवरून राहायचं ठरवा. मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा.’ बटणांवरचे शब्द या वाक्यात येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर माणूस तोच शब्द शोधतो आणि आपल्याला वाटतं, जमलं.

समजा, दुसऱ्या पत्त्यावर ‘येण्याची तारीख’ आणि ‘जाण्याची तारीख’ अशा दोन चौकटी आहेत, मोठ्या हॉटेलांच्या वेबसाइटवर असतात तशा. वापरणाऱ्या गृहस्थांचं बोट पहिल्या चौकटीवर जातं, दुसरीवर येऊन थांबतं. ‘आम्ही सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. मग दोन्हीकडे शनिवारच लिहायचा का?’ संगणक झालेला माणूस गप्प. ते गृहस्थ आणखी थोडा वेळ बघतात आणि म्हणतात, ‘जाऊ दे, फोनच करतो.’

इथे खरी कमाई झाली. हॉटेल रात्री मोजतं. केळव्याला येणारे कितीतरी जण दिवसभराची सहल करून परततात. ही चूक मॉकअप बघून कुणाच्या ध्यानात आली नसती. कागदावर तिची दुरुस्ती म्हणजे नवा पत्ता : आधी ‘रात्री राहणार’ आणि ‘दिवसभरासाठी’ अशी दोन बटणं, पहिलं दाबलं तरच दोन तारखा. पुढच्या माणसापुढे लगेच तो पत्ता ठेवता येतो. हीच चूक वेबसाइट बांधून झाल्यावर सापडली असती, तर खोल्यांचा हिशेब, दराचं गणित, पावती असं सगळंच उलगडावं लागलं असतं.

कॅलेंडरकडेही नीट बघावं. कालनिर्णयच्या पानावर वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. फोनच्या कॅलेंडरात वार वरती आडवे. भिंतीवरच्या पानाची सवय झालेल्या डोळ्याला वार चटकन लागला नाही, तर तो चुकीच्या दिवसावर बोट ठेवू शकतो. उपाय सोपा आहे : निवडलेली तारीख खाली ‘शनिवार, १४ तारीख’ अशी वारासकट मोठ्या अक्षरांत दाखवावी.

चाचणीत दोन मोह टाळायचे. माणूस अडला की मदत करण्याचा पहिला. तो विचारेल, ‘इथे दाबू का?’ उत्तर द्यावं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ दुसरा मोह शेवटी ‘आवडलं का?’ विचारण्याचा. आपल्याकडे समोरच्याचं मन कुणी मोडत नाही. उत्तर ‘छान आहे’ हेच येणार. माणूस काय म्हणाला यापेक्षा त्याचं बोट कुठे थांबलं, ते टिपावं.

किती जणांकडून वापरून घ्यायचं? जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका वापरणाऱ्यामागे सरासरी ३१ टक्के अडचणी सापडत होत्या. दुसऱ्याकडे त्यातल्या काही पुन्हा दिसतात, काही नव्या. तिघांपर्यंत दोन-तृतीयांश अडचणी उजेडात येतात, पाच जणांपर्यंत सुमारे ८५ टक्के. पुढे प्रत्येक माणूस जुनंच जास्त सांगतो. म्हणून पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच जण, असा क्रम बरा. हे आकडे सरासरीचे आहेत, आणि एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या निवासाला दोन प्रकारचे वापरणारे आहेत. दुसरा प्रकार बहुतेक जण विसरतात.

काकूंचा पडदा

शनिवारी सकाळी काकूंचे हात मसाल्यात आहेत. फोन वाजतो, नेहमीच्या ओळखीतले कुणीतरी पुढच्या रविवारसाठी दोन खोल्या मागतात. काकू ‘या’ म्हणतात. आता त्या दोन खोल्या वेबसाइटवर कोण बंद करणार?

त्यासाठी लॉग-इन, पासवर्ड, मेनू, तारीख, खोली, ‘जतन करा’ असे सहा टप्पे असतील, तर काकू वहीत लिहून मोकळ्या होतील. तासाभरानं त्याच खोल्या वेबसाइटवरून दुसरं कुणी घेईल. रविवारी अंगणात दोन कुटुंबं, खोल्या त्याच. पाहुण्यांचे पडदे कितीही घोटून केले, तरी अशा एका प्रसंगानंतर काका वेबसाइटवरचं बुकिंग बंद करायला सांगणार.

म्हणून मालकाच्या पडद्याचाही कागदी प्रोटोटाइप हवा, आणि त्याची चाचणी काकूंच्याच स्वयंपाकघरात. एका पत्त्यावर डावीकडे पुढचे चौदा दिवस, वरती चार खोल्या, मध्ये चौकोन. चौकोनावर बोट ठेवलं की तो काळा, म्हणजे खोली गेली. चुकून दाबलं तर पुन्हा दाबून मोकळा. रविवारच्या ओळीला वेगळी छटा. वहीचंच पान फोनवर आलं म्हणा ना! काकू डाव्या हाताच्या अंगठ्यानं हे करू शकल्या, तर वेबसाइट टिकेल. नाही जमलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

दिवा काय सांगतो

बोईसरकरांना तारापूर अणुऊर्जा केंद्राची नव्यानं ओळख करून द्यायला नको. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या इथे १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. अशा केंद्रात माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये उभा असतो तो नियंत्रण कक्ष : दिवे, काटे, बटणं. पडद्यांच्या रचनेचा एक मोठा धडा अशाच एका कक्षातून आला.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात (तिथली भट्टी तारापूरपेक्षा वेगळ्या प्रकारची) दाब सोडणारी एक झडप उघडली आणि पुन्हा बंद झालीच नाही. कक्षातला दिवा मात्र विझला. दिव्याची जोडणी झडपेच्या स्थितीशी नव्हतीच. ‘बंद हो’ हा हुकूम सुटला, एवढंच तो सांगत होता. कामगारांनी झडप बंद आहे असं धरलं, दोन तासांहून जास्त वेळ थंड करणारं पाणी निघून जात राहिलं आणि गाभ्याचा काही भाग वितळला. पुढे या कक्षाची रचना तपासायला बोलावलेल्यांत मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन होते. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवरचं त्यांचं १९८८ चं पुस्तक आज डिझायनरांच्या हाती पहिलं दिलं जातं.

आपल्या निवासाच्या वेबसाइटवर जीव जाणार नाही, पण दिव्याची ही चूक रोज घडते. पाहुणा ‘आगाऊ भरा’ दाबतो, यूपीआयवर जातो, खात्यातून पैसे कापले जातात, परत येईपर्यंत नेटवर्क जातं. पडदा हिरवी खूण दाखवून म्हणतो, ‘धन्यवाद!’ कशाबद्दल? बटण दाबल्याबद्दल, की खोली मिळाल्याबद्दल? किंवा उलट : पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं, आणि पाहुणा घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो.

म्हणून सगळं सुरळीत होतं त्याचे पत्ते झाले की बिनसल्याचे पत्ते काढायला बसावं. त्यांची यादी जवळपास ठरलेली असते : शनिवारी एकही खोली रिकामी नाही, फॉर्म भरेपर्यंत दुसऱ्यानं खोली घेतली, नंबर चुकीचा टाकला, नेटवर्क गेलं, पैसे गेले पण खात्री झालेली नाही. प्रत्येक पत्त्यावर तीन गोष्टी लिहायच्या : काय झालं, तुमचं काही नुकसान झालं का, आता काय करायचं. शेवटच्या पत्त्याचा मजकूर असा होऊ शकतो : ‘बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. पुन्हा पैसे भरू नका. खोली तुमच्यासाठी अर्धा तास राखून ठेवली आहे. काय झालं ते याच नंबरवर कळवू.’

चाचणीत हा पत्ता मुद्दाम समोर टाकावा. वाचून माणसाचा चेहरा निवळला, तर मजकूर जमला.

कागदावरून फोनवर

पडद्यांचा क्रम पक्का झाला की संगणक उघडायचा. आज बहुतेक जण फिग्मा वापरतात; ते ब्राउझरमध्ये चालतं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पेनपॉट हा मुक्त स्रोताचा पर्याय आहे. दोन्हीत पद्धत एकच : प्रत्येक पडद्याची एक चौकट, बटणापासून पुढच्या चौकटीपर्यंत ओढलेला बाण, आणि मग ते सगळं फोनवर चालवून बघणं. एकदा काढलेलं बटण किंवा खोलीचं कार्ड ‘कंपोनंट’ म्हणून ठेवलं की ते एका जागी बदललं, तरी सगळीकडे बदलतं.

इथले प्रश्न कागदावरच्यापेक्षा वेगळे. अंगठा पोचतो का? दोन बटणं इतकी जवळ आहेत का की भलतंच दाबलं जावं? ॲपल बटणाचं माप किमान ४४ पॉइंट सांगतं, गूगल स्वतःच्या मापात ४८. फोनवर हे साधारण ७ ते ९ मिलिमीटर भरतं, म्हणजे बोटाच्या टोकाएवढं.

अशा बाणांच्या प्रोटोटाइपमध्ये एक गोष्ट कळत नाही : टायपिंग. फॉर्मची चाचणी करायची तर तेवढं एक पान साध्या एचटीएमएलमध्ये लिहून टाकावं. मोबाइल नंबरच्या चौकटीवर बोट ठेवलं की अंकांचाच कीबोर्ड वर यायला हवा. मराठी कीबोर्ड वापरणारा पाहुणा आपला नंबर देवनागरी अंकांत टाकू शकतो, आणि तपासणीचा कोड बऱ्याचदा इंग्रजी अंकच ओळखतो. मग बरोबर नंबर टाकूनही ‘नंबर चुकीचा आहे’ असं लाल अक्षरांत येतं. दोन्ही अंक स्वीकारणं हे कोडमधलं छोटंसं काम. पण त्याची गरज खऱ्या बोटांनी टाइप केल्याशिवाय दिसत नाही.

देवनागरीचा हिशेब

पडद्यांचे तयार साचे बहुतेक इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्यात मराठी ओतली की तीन ठिकाणी कुरबुर सुरू होते.

पहिली उंचीची. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. देवनागरीत शिरोरेघेवर वेलांटी, रफार, अनुस्वार, मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापानं कापलेल्या बटणात ‘पार्टी’चा रफार वरच्या कडेला छाटला जातो, ‘गुरुवार’मधल्या ‘गु’चा उकार खालच्या कडेत बुडतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट किंवा थोडं जास्त ठेवावं, बटणाला वर-खाली मोकळी जागा द्यावी. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजीतली फॅशन इथे नको; शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे होतात. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ठळकपणा आणायचा तो वजनानं किंवा आकारानं.

दुसरी कुरबुर मोजणीची. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं. युनिकोड त्याचे दहा घटक मोजतं, कारण हलन्त, काना, मात्रा हे सगळे वेगळे धरले जातात. पूर्ण नावाच्या चौकटीला वीसची मर्यादा घातली, तर ज्ञानेश्वररावांचं आडनाव पूर्ण होण्याआधीच चौकट भरते. एसएमएसचंही तसंच : इंग्रजी निरोपात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. बुकिंग पक्कं झाल्याचा निरोप लिहिताना तारीख, खोल्या आणि आगाऊ रक्कम आधी. आभार जागा उरली तर.

तिसरी जुन्या फॉन्टची. काका मेनूकार्डाची फाइल छापखान्यातून आणून देतात. ती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असते आणि ब्राउझरमध्ये तिचा अगम्य चिन्हांचा खच होतो. मजकूर युनिकोडमध्ये घेतल्याशिवाय तो शोधता येत नाही की फोनला वाचून दाखवता येत नाही. चांगले मोफत युनिकोड फॉन्ट आता आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट त्यातलाच. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे अशी नोंद करायला विसरू नये. त्यामुळे, सोय असलेल्या फॉन्टमध्ये, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं.

उन्हात आणि मिटल्या डोळ्यांनी

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं मॉनिटरवर फार सोज्वळ दिसतात. तोच पडदा दुपारी एक वाजता केळव्याच्या वाळूत उभं राहून वाचून बघावा. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय नियमावली साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असं प्रमाण मागते, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. हे प्रमाण मोजून देणारी मोफत साधनं आहेत, आणि फिका राखाडी त्यात हमखास नापास होतो.

सरकारी संकेतस्थळांना हे नियम पाळावेच लागतात. त्यासाठी केंद्राची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा घ्या. त्याचं अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक चौकटीवर उभं आहे आणि त्या चौकटीच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. खाजगी निवासाला कुणी विचारायला येणार नाही, पण साठीच्या पुढचे पाहुणे त्याच्याकडेही येतात. फोटोंना शब्दांत वर्णन द्यावं : ‘तळमजल्यावरची खोली, दाराशी पायरी नाही’. दृष्टिहीन पाहुण्याला ते ऐकू येतं, आणि फोटो न उघडणाऱ्या कमजोर नेटवर्कवर डोळस पाहुण्यालाही तेच वाचायला मिळतं.

थांबायचं कधी

पाचव्या माणसाकडून नवी अडचण निघेनाशी झाली की प्रोटोटाइपचं काम संपलं. तो पुढे चालवत नेऊन त्यालाच वेबसाइट बनवायचा प्रयत्न करू नये. कोड लिहिणाऱ्याच्या हातात मात्र तीन गोष्टी पडायला हव्यात : पडद्यांचा क्रम, प्रत्येक पडद्याची बिनसलेली रूपं आणि चाचणीत कोण कुठे अडलं त्याची टिपणं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘दिवसभरासाठी’ हे बटण का आहे ते ठाऊक नसेल, तर पुढच्या वर्षी कुणीतरी ते पडदा सुटसुटीत करायच्या नादात काढून टाकेल.

कधी कधी प्रोटोटाइपचं उत्तर डिझायनरच्या पोटावर पाय देणारं निघतं. काकूंना चौदा दिवसांचा पडदा सांभाळणं झेपत नाही असं दिसलं, तर खोल्यांचा ताजा हिशेब दाखवणारी वेबसाइट बांधूच नये. खोल्या, दर, जेवण, रस्ता यांचं एक पान आणि त्यावर एक बटण : दाबलं की तारीख आणि माणसं भरलेला व्हॉट्सॲप संदेश काकूंकडे. काम लहान होईल, बिलही. पण रविवारी अंगणात दोन कुटुंबं उभी राहणार नाहीत, आणि काका पुढच्या गिऱ्हाइकाला याच डिझायनरचं नाव सांगतील.

वेबसाइट करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं यात एवढंच. चित्र समोर आलं की रंगाबद्दल बोलण्याआधी दोन प्रश्न विचारा : ‘हे कुणाकुणाला वापरायला दिलं होतं? ते कुठे अडले?’ ‘कुणीच अडलं नाही’ असं उत्तर आलं, तर अजून कुणाला दिलेलं नाही असं समजा. आगाऊ रक्कम त्यानंतर.